चेहरा कोणाचा, हात कोणाचा?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात तैलरंगातील व्यक्तिचित्रांची एक मोठी परंपरा उभी राहिली. या परंपरेविषयी मराठीत जे लेखन झाले, ते मुख्यतः चित्रकारांच्या चरित्रांच्या अंगाने झाले. माधवराव बागलांचे 'कोल्हापूरचे कलावंत', बाबुराव सडवेलकरांनी लिहिलेली कलावंतांची चरित्रे, सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड (२०१३) ही त्यातली महत्त्वाची कामे. ज्यांची चित्रे काढली गेली त्या माणसांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र या लेखनाच्या कडेलाच राहिला. गेल्या पंचवीस वर्षांत भारतात चित्रांचे लिलाव नियमित होऊ लागल्यानंतर हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे, असे आम्हाला वाटते. म्हणून हा लेख.

लिलावाच्या सूचीतील नोंदीचा साचा ठरलेला असतो. क्रमांक, चित्रकाराचे नाव, त्याचे जन्म-मृत्यूचे साल, मग चित्राचे शीर्षक. त्याखाली माध्यम, सही कोठे आहे, लांबी-रुंदी आणि अंदाजित किंमत. शीर्षक अनेकदा 'पारशी गृहस्थ', 'नऊवारीतील स्त्री', 'पगडीधारी पुरुष' अशा प्रकारचे असते. ज्या माणसाने चित्रकारासमोर तासन् तास बसून किंवा आपले छायाचित्र देऊन, पैसे मोजून हे चित्र काढवून घेतले, त्याची ओळख त्याच्या पोशाखापुरती उरते. चित्रकाराचे नाव ठळक अक्षरांत असते, कारण किंमत त्या नावाला असते.

आता याच्या उलट बाजूला पाहू. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले किन्हीराजा घ्या किंवा वऱ्हाडातले जुने वाडे शिल्लक असलेले दुसरे कोणतेही गाव घ्या. अशा वाड्याच्या बैठकीत हार घातलेली एखादी तसबीर असू शकते. घरातली माणसे तिला 'फोटो'च म्हणतात, मग ती तैलरंगात का असेना. हे कोण, असे विचारले तर नाव, नाते, कोणत्या साली वारले, किती जमीन होती, कोणता खटला लढले, सारे सांगितले जाते. चित्र कुणी काढले, असे विचारले की 'पेंटरकडून करून आणलं होतं' एवढ्यावर उत्तर थांबते.

लिलावात हात कुणाचा हे टिकते आणि चेहरा कुणाचा हे हरवते; घरात चेहरा टिकतो आणि हात हरवतो. या दोन विस्मरणांकडे एकत्र पाहिल्याशिवाय आपल्या व्यक्तिचित्रांचा इतिहास लिहिता येणार नाही, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पहिली गोष्ट अशी की घराची ही रीत नवी नाही. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे करवून घेतले. लेण्यातील शिलालेखात वराहदेवाचे नाव आहे, त्याच्या राजाचे आणि राजवंशाचे वर्णन आहे. ज्यांनी त्या भिंती रंगवल्या त्यांची नावे त्यात नाहीत. चित्र करवणारा स्मरणात राहावा आणि करणारा त्याच्या कामात विरून जावा, ही व्यवस्था आपल्याकडे दीर्घकाळ स्वाभाविक मानली गेली. वऱ्हाडातल्या घरातील तसबिरीने तीच चालू ठेवली.

या व्यवस्थेत बदल होण्याची चिन्हे पेशवाईच्या अखेरीस दिसतात. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९० नंतर पुण्यात आला. त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांची तैलचित्रे काढली. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने पुण्यात एक लहानशी चित्रशाळाही सुरू झाली आणि तीत गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा कलावंत तयार झाला. १७९५ मध्ये वेल्सचा मृत्यू झाला. सवाई माधवराव आणि नाना यांचे त्याने काढलेले चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. तांबटांची रेखाटने मॅलेटच्या संग्रहातून पुढे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात पोचली. येथे लक्षात घेण्यासारखी बाब ही की तांबटांचे नाव टिकले ते साहेबाच्या दप्तरामुळे. पुण्यातल्या घरांनी ते जपले नाही.

खरा पालट झाला तो १८५७ नंतर. सर जमशेटजी जिजीभाईंनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत कलाशाळा निघाली. १८६५ मध्ये तेथे आलेल्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांकडून १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नावाजलेले पेस्तनजी बमनजी (१८५१–१९३८) त्या विद्यार्थ्यांत होते. यातील बऱ्याच प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनला आगीत जळाल्या. एका अर्थाने हा प्रसंग सूचक आहे. ज्या भिंतींवर चित्रकाराचे नाव नव्हते, त्यांची नक्कल करता करता नाव असलेल्या चित्रकारांची पहिली पिढी घडली. १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली. प्रदर्शने, पदके, वृत्तपत्रांतील अभिप्राय सुरू झाले. चित्राच्या कोपऱ्यात सही येणे आता अपरिहार्य होते, कारण पदक सहीला मिळत असे.

म. वि. धुरंधरांचे (१८६७–१९४४) 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे १९४० साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र या नव्या व्यवस्थेचा उत्तम दस्तऐवज आहे. कोल्हापुरात जन्मलेला एक मुलगा १८९० मध्ये जे. जे. मध्ये विद्यार्थी म्हणून येतो, शिक्षक होतो आणि त्या संस्थेच्या संचालकपदाचा कार्यभार सांभाळून १९३१ मध्ये निवृत्त होतो, ही त्याची बाह्यरेखा. मराठी आत्मचरित्राच्या अभ्यासकांनी ते वाचायला हवे, कारण 'मी चित्रकार आहे' हे वाक्य व्यवसाय म्हणून, प्रतिष्ठा म्हणून उच्चारता येण्यासाठी समाजात काय काय घडावे लागते, हे त्यातून कळते. तिकडे कोल्हापुरात बाबुराव कृष्णराव मेस्त्री (१८९०–१९५४) आणि त्यांचे बंधू आनंदराव यांच्या बाबतीत तर 'पेंटर' हा शब्दच आडनाव झाला. नाटक कंपन्यांचे पडदे, व्यक्तिचित्रे आणि पुढे चित्रपट असा बाबुरावांचा प्रवास सर्वश्रुत आहे. धंद्याचे नाव माणसाला चिकटते तेव्हा समाजाने त्या धंद्याची दखल घेतलेली असते.

मात्र ही दखल सर्वत्र सारखी पोचली नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांचा दरबार होता. आबालाल रहिमान दरबारी चित्रकार झाले ते त्यामुळे. औंधला स्वतः चित्रे काढणारे भवानराव पंतप्रतिनिधी होते आणि त्यांनी १९३८ मध्ये संग्रहालय उभे केले. गोव्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयांच्या व्यक्तिचित्रांची मालिका १५४७ पासून सुरू झालेली होती. त्याच गोव्यातून आलेले आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) मुंबईत व्यक्तिचित्रकार म्हणून मान्यता पावले आणि त्यांची बरीच चित्रे आज पणजीच्या फुंदासांव ओरिएंत या संस्थेत एकत्र पाहता येतात. वऱ्हाडची स्थिती वेगळी होती. १८५३ पासून हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली होता. सत्तेचे केंद्र हैदराबाद आणि कलकत्ता या दोहोंपासून दूर. चित्रकाराला पदरी ठेवील असा राजा येथे नव्हता. येथे पैसा होता तो कापसाचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस मँचेस्टरला जाणे थांबले आणि वऱ्हाडी कापसाचे भाव चढले. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली. देशमुख, पाटील, सावकार, वकील, अडते हा जो वर्ग या व्यवहारात वर आला, त्याला आपल्या भिंतीवर आपला माणूस हवा होता. त्याची गरज कलेची नव्हती, स्मरणाची होती. छायाचित्र द्यायचे, बहुधा माणूस गेल्यानंतर द्यायचे, आणि त्यावरून मोठे रंगीत चित्र करून आणायचे, ही पद्धत त्या गरजेला पुरेशी होती. अशा चित्रावर सही असली तरी ती पाहण्याचे कारण नसे. श्राद्धाच्या दिवशी हार चेहऱ्याला घालायचा असतो.

ही चित्रे कलादृष्ट्या कोणत्या दर्जाची, हा वाद येथे घालण्याचे कारण नाही. काही अगदी सामान्य असतील, काहींत हात आणि चेहरा यांचे रंग जुळत नसतील, काहींत मात्र डोळ्यांत असा एक संकोच पकडलेला असेल की काढणारा साधा कारागीर नव्हता हे कळावे. मुद्दा हा की ही चित्रे आता घराबाहेर पडू लागली आहेत. वाडे पडतात, वाटण्या होतात, मुले पुण्याला किंवा परदेशात जातात. पाच फुटी चौकट फ्लॅटमध्ये मावत नाही. जुन्या लाकडी सामानाचा व्यापारी सागवानी दारांबरोबर चौकटीचीही किंमत करतो. त्या व्यवहारात जी गोष्ट हस्तांतरित होत नाही, ती म्हणजे 'हे कोण' या प्रश्नाचे उत्तर.

लिलावाचे शास्त्र पाहिले तर या उत्तराला तेथे अगदीच जागा नाही असे नाही. विक्रेता आणि लिलावगृह मिळून एक किमान रक्कम गुप्तपणे ठरवतात, तिच्याखाली बोली राहिली तर चित्र विकले जात नाही. विकले गेले तर घेणारा बोलीच्या रकमेवर लिलावगृहाची टक्केवारी वेगळी देतो. या साऱ्यात किंमत वाढवणारी एक महत्त्वाची बाब म्हणजे मालकीची साखळी. चित्र कुणाकडून कुणाकडे आले, हे जितके निःसंशय, तितका घेणाऱ्याचा विश्वास अधिक. म्हणजे चेहऱ्याचे नाव बाजारालाही उपयोगी पडते. पण विकणाऱ्या घराला बहुतेकदा आपले नाव येऊ नये असे वाटते. वाडवडिलांची तसबीर विकली हे गावात कळणे कुणाला आवडेल? त्यामुळे 'एका खाजगी संग्रहातून' असे लिहिले जाते आणि साखळीची सर्वांत जुनी कडी तेथेच तुटते.

कायद्याचे साहाय्यही मर्यादित आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेले चित्र पुरावस्तू ठरते आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. यामुळे धुरंधर किंवा पेस्तनजी यांची बरीच चित्रे आता आपोआप संरक्षित झाली आहेत. त्याखेरीज नऊ चित्रकारांच्या कृतींना वयाचा विचार न करता राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा आहे. १९७९ मध्ये तो मिळालेल्या राजा रविवर्म्यांचा मुंबईशी आणि लोणावळ्याजवळच्या मळवलीशी निकटचा संबंध होता, पण महाराष्ट्राच्या वास्तववादी व्यक्तिचित्रकारांपैकी या नवांत कुणीही नाही. चित्र देशाबाहेर जाऊ नये एवढे कायदा पाहतो. चित्रातील माणसाचे नाव चित्राबरोबर राहावे, हे कोणताही कायदा पाहू शकत नाही. ते काम समाजाच्या स्मरणाचे आहे.

नावे किती सहज निसटतात, याचे मराठीतले उदाहरण सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचे (१८८२–१९६८) आहे. हातात समई घेतलेल्या तरुणीचे त्यांचे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. ते तैलरंगात नसून जलरंगात आहे, तरी येथे त्याचा दाखला समर्पक आहे. १९४५-४६ च्या सुमारास काढलेले हे चित्र असंख्य कॅलेंडरांवर आणि भिंतींवर पोचले आणि लोक ते रविवर्म्याचे म्हणून सांगत राहिले. रविवर्मा १९०६ मध्येच निवर्तले होते, ही साधी गोष्टही आड आली नाही. चित्रातील तरुणी म्हणजे हळदणकरांची मुलगी गीता. त्या गीताताई उपळेकर कोल्हापुरात २०१८ साली वयाच्या १०२ व्या वर्षी वारल्या. तोवर हात कुणाचा हे सांगणारा चेहरा आपल्यात हयात होता! चेहऱ्याची ओळख टिकली, म्हणून चित्रकाराचे हिरावलेले नाव परत मिळवता आले. दोन नावे एकमेकांना धरून असतात, असे आम्ही म्हणतो ते या अर्थाने.

अमेरिकेतील एका प्रांतिक चित्रकाराची कथा हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर सांगते. कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स आणि न्यूयॉर्क या राज्यांच्या सीमेवरील गावांत एकोणिसाव्या शतकात काढलेली अनेक व्यक्तिचित्रे शेतकरी घरांत सापडत होती. बहुतेकांवर सही नव्हती. अभ्यासकांनी शैलीवरून ती दोन अनाम चित्रकारांची मानली. एकाला सीमाप्रदेशाचे नाव दिले, दुसऱ्याला केंट या गावाचे. १९५८ मध्ये बार्बरा आणि लॉरेन्स होल्ड्रिज या दांपत्याच्या हाती सही असलेले एक चित्र आले आणि तेथून त्यांनी माग काढला. दोन्ही चित्रकार एकच होते: ॲमी फिलिप्स (१७८८–१८६५), गावोगाव फिरून पन्नासहून अधिक वर्षे चेहरे रंगवणारा माणूस. हा माग निघू शकला याचे एक कारण असे की त्या घरांनी चित्रांतील माणसांची नावे सांभाळली होती. कोणते कुटुंब कोणत्या साली कोठे राहत होते हे कळले की चित्रकार त्या साली कोठून कोठे गेला हे जुळवता येते. २००७ मध्ये त्याचे लाल झग्यातील मुलीचे चित्र लिलावात दहा लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. किंमत बाजूला ठेवू. पण फिलिप्सला नाव परत मिळाले ते शेतकऱ्यांच्या आठवणीतून, हे विसरता येत नाही.

आमच्यासारख्या मराठीच्या अध्यापकांना ही पद्धत अपरिचित वाटू नये. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या नंतरच्या कवीच्या रचना मिसळल्या आहेत, हे आपण वर्गात शिकवतो. नाममुद्रा एकच, कवी वेगळे. कोणता अभंग कुणाचा हे ठरवताना आपण भाषा पाहतो, हस्तलिखिताचा काळ पाहतो, कोणत्या मठात, कोणत्या परंपरेत ते जपले गेले हे पाहतो. लिलावाच्या सूचीतही 'यांची कृती', 'यांची मानली जाणारी', 'यांच्या परंपरेतील' अशी प्रतवारी असते. पाठचिकित्सेचा आणि चित्रचिकित्सेचा प्रश्न मुळात एकच आहे. फरक इतकाच की हस्तलिखित शोधण्यासाठी आपले संशोधक दारोदार फिरले. तसबिरीसाठी फिरण्याची वेळ अजून गेलेली नाही, पण फार उरलेलीही नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. चित्र हे चित्र म्हणून पाहावे, त्यातील माणूस कोण याने सौंदर्यात काय फरक पडतो? शुद्ध आस्वादापुरते हे मान्य करता येईल. परंतु व्यक्तिचित्र हा चरित्राचा सख्खा भाऊ आहे. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी (१९११–१९९४) काढलेली बालगंधर्वांची दोन भव्य चित्रे आहेत, एक पुरुषवेषातील आणि एक स्त्रीभूमिकेतील. या दोन देहांत एकच माणूस आहे हे ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाला तेथे दोन सुंदर व्यक्ती दिसतील. ज्याला ठाऊक आहे, त्याला मराठी रंगभूमीचे एक संपूर्ण युग दिसेल. नाव कळल्याने चित्र बदलत नाही. पाहणारा बदलतो.

दुसराही एक विचार आहे आणि तो अधिक अस्वस्थ करणारा आहे. घराने चेहरे जपले असे आपण म्हणतो, पण सगळे चेहरे सारखे जपले नाहीत. पुरुषाच्या तसबिरीला नाव असते. शेजारच्या स्त्रीच्या तसबिरीला पुष्कळदा नातेच असते. 'त्यांची पहिली बायको', 'मोठ्या आजी'. तिचे माहेरचे नाव सांगणारे घरात कुणी नसते. सूचीतील 'नऊवारीतील स्त्री' आणि घरातील 'पहिली बायको' यांत अंतर फार नाही. आणि ज्यांच्या श्रमावर तो कापूस पिकला, ज्यांनी ती भिंत बांधली, त्यांचे चित्र कुणी काढलेच नाही. नोंद करताना या रिकाम्या जागांचीही नोंद व्हायला हवी.

हे काम मोठ्या निधीचे नाही. मराठी विभागांतून लोकगीते आणि म्हणी गोळा करण्याचे प्रकल्प होतात. त्याच वहीत एक पान तसबिरींसाठी ठेवता येईल. चित्रातील व्यक्तीचे पूर्ण नाव, स्त्री असल्यास माहेरचेही. सांगणाऱ्याचे तिच्याशी नाते. चित्र जिवंतपणी काढले की छायाचित्रावरून. कोठून करवून आणले. कोपऱ्यात सही आहे का. आणि चौकट उतरवता आली तर पाठीमागे दुकानाची चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेले साल, काही आहे का. घराची परवानगी घ्यावी आणि घराला नको असेल तर काहीच प्रसिद्ध करू नये. चित्र विकू नका, असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. कुणाची अडचण कशी असते हे आपण जाणतो. विकताना पाठीमागे नाव लिहून द्या, एवढे मात्र सांगता येईल. वाशीम जिल्ह्यातल्या पाच-पन्नास गावांत कुणी हे केले, तर वऱ्हाडात फिरणारा एखादा अनाम पेंटर कदाचित आपल्याला सापडेल. आणि नाही सापडला, तरी निदान त्याने रंगवलेली माणसे उद्याच्या एखाद्या सूचीत केवळ पगडी होऊन उरणार नाहीत.